गोकर्णाची गाठ

काकीनं वायरच्या पिशवीतून बाटली काढली तेव्हा मला वाटलं, कपड्यांना घालायची नीळ चुकून बरोबर आली. पाण्याची एक लिटरची बाटली, आत गर्द निळं पाणी, तळाशी बसलेल्या चार-पाच पाकळ्या. केमोच्या खोलीत ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक बाई, प्रत्येकीच्या हाताला नळी. सिस्टर सलाइनचे थेंब बघत होत्या. त्यांनी मान वळवून विचारलं, "मावशी, हे काय आणि?"

"गोकर्ण हाय," काकी म्हणाली. "कुंपणावरची. उकळून आणलोय. क्यान्सरच्या पेशी मारती म्हणं."

सिस्टर माझ्याकडं बघायला लागल्या. कारण काकीनं पहिल्याच दिवशी सगळ्या खोलीला सांगून ठेवलं होतं की माझी पुतणी झाडाझुडपांची मास्तरीण हाय. मी ज्युनिअर कॉलेजात बायलॉजी शिकवते, एवढंच त्यातलं खरं. अकरावीच्या पोरांना शेंगवर्गातलं फूल दाखवायला दरवर्षी गोकर्णाचंच फूल घेऊन जाते, कारण ते मोठं असतं आणि फुकट मिळतं. त्याच्या पाकळ्यांची नावं मला पाठ आहेत. ते पेशी मारतं का, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं आणि मलाही कधी पडलं नव्हतं.

मी बाटली तिच्या हातातून घेऊन खिडकीत ठेवली. म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काकीनं तोंड फिरवलं. तिचं बरोबर होतं. तिनं विचारलं होतं, खरं का खोटं. मी सांगितलं, नको. हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि चाळीस वर्षं शेतात राबलेल्या बाईला तो फरक मास्तरणीच्या आधी कळतो.

(परगावच्या वाचकांसाठी एक खुलासा. "आणलोय" हे छापण्यातलं चुकलेलं नाही. आमच्याकडं कोल्हापुरात बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. पुण्याची माझी भावजय अजून दचकते.)

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. भोगावतीच्या काठचं गाव, दीड एकर ऊस, एक एकर सोयाबीन, दोन म्हशी. गाठ तिला लागली होती ती आम्हाला कळायच्या आठ महिने आधी. आंघोळ करताना, डाव्या बाजूला, हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती. मग उसाची तोड आली, मग लावण, मग धाकटीचं लग्न ठरलं आणि लग्नघरात असलं काही बोलायचं नसतं. हरभऱ्याची सुपारी झाली, सुपारीचं लिंबू झालं. शेवटी तिनं सांगितलं तेही तात्यांना, म्हणजे काकांना, नाही, मला. तेसुद्धा फोनवर, म्हशीच्या दुधाचं बोलता बोलता मध्येच. "आणि एक गाठ हाय बाई, बघाय पायजे."

भारतात २०२२ या एका वर्षात अंदाजे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. त्यातल्या कितीजणींनी आधी ऊस घालवला आणि मग सांगितलं, याची नोंद कुठल्याही तक्त्यात नसते.

तर ती बाटली. घरी आल्यावर मी वाचायला बसले ते चिडूनच. काकीनं हे काढलं होतं तिच्या भावजयीच्या मोबाइलवर आलेल्या एका व्हिडिओवरून, आणि तो धादांत खोटा आहे हे मला सिद्ध करायचं होतं. तो धादांत खोटा निघाला नाही, पंचाईत तिथंच झाली.

पहिली गोष्ट, निळ्या रंगाचा यात काही संबंध नाही. तो रंग अँथोसायनिनचा, लिंबू पिळलं की जांभळा होतो, हॉटेलवाले त्याचा चहा करून शंभर रुपयाला विकतात. ज्याच्यावरून हे सगळं उठलंय तो पदार्थ बिनरंगी आहे आणि फुलातच नाही तर पानात, मुळात, बियांतही आहे. तो आहे पेप्टाइड.

पेप्टाइड म्हणजे काय, हे पोरांना शिकवताना मी बरीच वर्षं फळ्यावर गोल काढून त्यांना रेघांनी जोडत आले. काकीच्या आजारपणात एकदा गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, दागिने ओवून देणाऱ्या पटवेकऱ्याकडं बसले होते, तेव्हा मला कळलं की उदाहरण इथं आपल्या गल्लीत पडलंय. कोल्हापुरी साज. एकवीस पानं, मधे जवमणी, एका दोऱ्यात ओवलेली. मासा, कासव, चंद्र, बेलपान. कोणतं कुठं येणार याचा क्रम ठरलेला. क्रम मोडला तर पानं तीच राहतील, साज राहणार नाही. अमायनो आम्लं वीस प्रकारची. त्यांतली काही एका ठरलेल्या क्रमानं ओवली की पेप्टाइड. ओवणी शेकड्यांवर गेली की त्याला प्रथिन म्हणतात. सीमारेषा कुणी खडूनं आखलेली नाही. इन्सुलिन ५१ मण्यांचं. तात्या रोज सकाळी पोटात टोचून घेतात ते. टोचूनच का घ्यायचं, गोळी का नाही, हे त्यांनी मला दहा वेळा विचारलंय. कारण पोट. पोटाला औषध आणि आमटी यांतला फरक कळत नाही. दोरा दिसला की पोट तो तोडतं, मणी सुटे करतं आणि पचवतं. झाडातलं एखादं पेप्टाइड कितीही गुणी असलं तरी काढा करून प्यालं की बहुतेक वेळा त्याची डाळ होते.

बहुतेक वेळा. गोकर्णाची गंमत इथं सुरू होते, आणि ती सुरू झाली गोकर्णापासून फार लांब, काँगोत.

१९६०च्या दशकात लोरेंट्स ग्रान नावाचा नॉर्वेचा एक डॉक्टर रेडक्रॉसबरोबर तिकडं गेला होता. त्याच्या लक्षात आलं की तिथल्या बायका बाळंतपणात कळा लवकर याव्यात म्हणून एका झुडपाचा काढा घोट घोट पितात. ते झुडूप म्हणजे आपल्या परिपाठाच्या जवळचं. ग्राननं ते मायदेशी नेऊन तपासलं आणि आतला गुणकारी पदार्थ पेप्टाइड निघाला. हे विचित्र होतं. अंडं उकळलं की त्यातल्या प्रथिनाचं काय होतं ते आपण रोज बघतो. हे उकळूनही शाबूत, वर पोटातूनही शाबूत. असं का, हे कळायला १९९५ साल उजाडलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे डेव्हिड क्रेक आणि त्यांच्या नॉर्वेच्या सहकाऱ्यांनी त्याची घडण शोधली. २९ मणी, आणि दोऱ्याला टोकच नाही. दोन्ही टोकं एकमेकांना जोडून बंद केलेलं कडं. पोटातले काही पाचक रस दोरा टोकापासून सोलत जातात, त्यांना इथं सुरुवातच सापडत नाही. आणि कड्याच्या आत आणखी तीन गाठी. त्यांतल्या दोन गाठी आणि मधला दोरा मिळून एक कडी होते, आणि तिसरी गाठ त्या कडीतून आरपार जाते. या कुळाला सायक्लोटाइड म्हणतात.

वाचता वाचता मी त्या आकृतीवर बोट ठेवून बसले होते. गाठ. आमच्या घरात तो शब्द गेले सहा महिने दबक्या आवाजात बोलला जात होता. आणि इथं कुणीतरी त्याच शब्दाचं मोठं कौतुक करत होतं, ही निसर्गातली सर्वांत चिवट गाठ वगैरे.

२०११ मध्ये सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन वेगवेगळ्या गटांना हेच सायक्लोटाइड गोकर्णात सापडले. शेंगवर्गात ते असतील अशी कुणाची अपेक्षा नव्हती. मग २०१४ मध्ये सिंगापूरच्याच मंडळींनी गोकर्णाच्या शेंगेतून तो पटवेकरीही शोधून काढला. दोऱ्याची दोन टोकं जुळवून गाठ मारणारं विकर, म्हणजे एन्झाइम. तोवर माहीत असलेल्यांत ते या कामातलं सगळ्यांत चपळ निघालं, आणि त्याचं नाव त्यांनी तिथल्या मलय भाषेतल्या गोकर्णाच्या नावावरून ब्यूटेलेज असं ठेवलं. कोल्हापुरात सापडलं असतं तर काय नाव ठेवलं असतं याचा मी बराच वेळ विचार केला. परीक्षेचे पेपर तपासायचे राहिले होते म्हणून असेल.

वेल हे सगळं कशासाठी करतो? काकीसाठी नक्कीच नाही. अळीसाठी. सायक्लोटाइड खाल्लेल्या अळीची वाढ खुंटते. ऑस्ट्रेलियात गोकर्णाच्या अर्कापासून केलेलं सेरो-एक्स नावाचं कीटकनाशक कपाशीवर मारतात. म्हणजे काकीच्या बाटलीत जे होतं त्याचं बाजारात आलेलं रूप फवारणीच्या पंपात भरायचं आहे. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आता खरा प्रश्न. पेशी मारती का?

मारती. पेशीचं आवरण तेलकट असतं. सायक्लोटाइड त्यातल्या विशिष्ट स्निग्धाला चिकटतो, आत शिरतो, भोक पाडतो, पेशी फुटते. कर्करोगाच्या पेशींच्या आवरणावर बाहेरच्या बाजूला ऋणभार जास्त असतो, त्यामुळं धनभाराची पेप्टाइडं त्यांच्याकडं जरा जास्त ओढली जातात. बनफशा, काष्ठौषधीच्या दुकानात खोकल्यासाठी मिळतो तो, त्याच्यातल्या एका सायक्लोटाइडवर २०१० मध्ये काम झालं. स्तनाच्या कर्करोगाच्या ज्या पेशी डॉक्सोरुबिसिनला, म्हणजे काकीच्या भाषेत 'लाल औषधा'ला, दाद देत नव्हत्या त्या या पेप्टाइडच्या जोडीनं दाद द्यायला लागल्या. आणि गोकर्णाच्या सायक्लोटाइडनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या हट्टी पेशींवर पॅक्लिटॅक्सेलचा असर वाढवला, हे २०१३ मध्ये छापून आलंय. पॅक्लिटॅक्सेल. काकी खुर्चीत बसून हातात घेत होती तेच औषध. एका हाताला ती नळी आणि दुसऱ्या हातात ती बाटली. व्हिडिओ करणाऱ्यानं हे वाचलं होतं की नाही देव जाणे, पण मी वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मला क्षणभर खिडकीत ठेवलेल्या बाटलीची लाज वाटली.

पण या पेशी कुठल्या पेशी, हे बघायला पाहिजे. स्तनाच्या कर्करोगावर झाडपाल्याचं कुठलंही संशोधन काढा, त्यात एमसीएफ-७ हे नाव असतंच. हे नाव म्हणजे एक बाई आहे. सिस्टर कॅथरिन फ्रान्सिस मॅलन, अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या एका मठातली जोगीण. आजार शेवटाला गेला होता, छातीत पाणी साठत होतं. १९७० मध्ये डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये हर्बर्ट सूल यांनी त्या पाण्यातून पेशी काढून काचेच्या बशीत वाढवायचा प्रयत्न केला. सातव्या खेपेला जमलं, म्हणून सात. त्या बाई त्याच वर्षी गेल्या. त्यांच्या पेशी आज पन्नास वर्षांनंतरही जगभरच्या प्रयोगशाळांत, भारतातल्याही, वाढताहेत, आणि आपण आपल्या कुंपणावरचं, परसातलं जे काही असेल ते नेऊन त्यांच्यावर ओततो आहोत.

आणि बशीतल्या पेशी मारणं अवघड नाही. भांड्याच्या साबणानंही त्या मरतात. बशीत फक्त कर्करोग असतो, बाई नसते. तिचं रक्त नसतं, काळीज नसतं, मूत्रपिंड नसतं. सायक्लोटाइड कर्करोगाच्या पेशीला भोक पाडतो तसं तांबड्या रक्तपेशीलाही पाडतो. बनफशाच्या त्याच सायक्लोटाइडची नंतर उंदरांवर परीक्षा झाली. त्यांना सोसेल एवढी मात्रा दिली तेव्हा गाठीवर नाव घेण्यासारखा परिणाम झाला नाही. मात्रा थोडीशीच वाढवली आणि उंदीर एकाएकी दगावले. सोसणं आणि मरणं यांत बोटभरही जागा नव्हती. हा शोधनिबंधही २०१० मधलाच. तो मात्र कुणी व्हिडिओ करून पाठवत नाही.

सोयाबीनची गोष्ट वेगळ्या वाटेनं तिथंच येते. सोयाबीनच्या दाण्यात ४३ मण्यांचं एक पेप्टाइड आहे. १९८०च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी त्याची ओवणी लिहून काढली, पुढं कॅलिफोर्नियात बर्कलीला काम करणाऱ्या फिलिपिनो संशोधकांनी त्याला लुनासिन नाव दिलं. टागालोगमध्ये लुनास म्हणजे उपाय. याचं काम भोसकण्याचं नाही. ते पेशीत शिरतं आणि डीएनए ज्या रिळांवर गुंडाळलेला असतो त्या रिळांना जाऊन चिकटतं, त्यामुळं पेशीचं विभाजन अडतं. १९९९ मध्ये हे गाजलं. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरही त्याचे बरेच प्रयोग झाले. शिवाय दाण्यात त्याच्या शेजारीच दुसरं एक प्रथिन असतं, पाचक रसांना अडवणारं. कच्चं सोयाबीन बाधतं त्यात याचाही हात असतो. हा शेजारी लुनासिनला पोटातून पार करतो. सोयाबीनचं प्रथिन खाल्लेल्या माणसांच्या रक्तात लुनासिन सापडलेलं आहे. एवढं सगळं जुळून आल्यावर माणसाला वाटणारच की आता झालंच. ज्ञानतंतूंच्या एका असाध्य आजारात एका रुग्णाला लुनासिन घेतल्यावर फरक पडल्याची बातमी झाली, बाटल्या खपल्या. अमेरिकेतल्या एका डॉक्टरनं पन्नास रुग्णांवर नीट चाचणी घेतली. आजार रोखला गेला नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या बायकांना लुनासिन देऊन गुण आला असं दाखवणारी चाचणी अजून नाही.

तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग भाव वाढंल का?" त्या वर्षी सोयाबीनचा दर पडला होता. त्यांच्या दृष्टीनं त्या दाण्याबद्दल तेवढाच प्रश्न शिल्लक होता.

मंजिष्ठाचं थोडक्यात सांगते. सह्याद्रीत होते, मुळं लाल, चेहऱ्याच्या लेपात विकतात. तिच्यात फक्त सहा मण्यांचं कडं आहे, आणि ते पेशीतला प्रथिनं विणायचा मागच बंद पाडतं. जपानमध्ये १९८०च्या दशकात त्याच्यातलं एक माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोचलंही होतं. औषध होऊन बाहेर आलं नाही. कारल्याचा रस स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतो असं अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेनं २०१० मध्ये दाखवलं. तिथं गुण नेमका कशाचा हे वेगळं प्रकरण.

या सगळ्याचा कागद घेऊन मी डॉक्टरांकडं गेले. शांतपणे वाचला त्यांनी, ही मला आजही मोठी गोष्ट वाटते. मग म्हणाले, "कारल्याची भाजी खाऊ दे, सोयाबीनची उसळ खाऊ दे. शिजवलेलं, ताटातलं काहीही. रस काढून, काढा करून, रोज ग्लासभर असं काही नको. माझं औषध काळजातून बाहेर पडतं. तुमचा काढाही तिथूनच जाणार. दोघं दारात अडकले तर मला कळणार नाही कोणामुळं." इथं काळीज म्हणजे लिव्हर हे त्यांनी काकीला पोटावर हात ठेवून दाखवलं.

काकीनं ऐकलं. मग तिनं जे विचारलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलंय. नळीतून उतरणाऱ्या पाण्यासारख्या औषधाकडं बोट करून ती म्हणाली, "मग ह्यात झाडपाल्याचं कायबी न्हाई?"

डॉक्टर हसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "सांगा मॅडम."

आहे की. सगळं झाडाचंच आहे. १९६२ मध्ये अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलात आर्थर बार्कले नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं यू नावाच्या एका झाडाची साल सोलून पिशवीत भरली. सरकारी योजना होती, दिसेल ते झाड आणून तपासायची. ती साल नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्याकडं गेली. वाणी आपल्या नंदुरबारचे, १९२५चा जन्म. या दोघांनी सालीतून तो पदार्थ, म्हणजे हेच पॅक्लिटॅक्सेल, वेगळा काढला आणि १९७१ मध्ये त्याची घडण जाहीर केली. पुढं आठ वर्षांनी सुझन हॉरविट्झ यांनी तो पेशीला कसा मारतो हे शोधलं. विभाजन होताना पेशी जे दोर टाकते ते तो घट्ट धरून ठेवतो, सुटूच देत नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली १९९४ मध्ये. साल सोलल्यापासून बत्तीस वर्षं.

शिवाय ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते ज्यात विरघळवतात तो पदार्थ एरंडेलापासून केलेला असतो. त्यानंच काहींना अंगावर पित्त उठतं, म्हणून आधी ती दोन-तीन इंजेक्शनं.

"एरंड्याल?" काकी म्हणाली. एवढंच तिला पटलं. नंदुरबार तिला लांब होतं, अमेरिका त्याहून लांब, पण एरंडेल तिनं चार पोरांना पाजलं होतं. शेजारच्या खुर्चीतल्या हातकणंगल्याच्या बाईंना तिनं लगेच सांगितलं, "एरंड्याल हाय वो ह्यात."

वॉल आणि वाणींचं आणखी एक काम आहे आणि ते आमच्या फार जवळचं. १९६६ मध्ये त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं. तोच पदार्थ १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय रसायनशास्त्रज्ञांना पश्चिम घाटातल्या एका झाडात सापडला. ते झाड म्हणजे नरक्या. राधानगरी, दाजीपूरच्या रानात पोरांची सहल नेली की मी ते दाखवते. वास इतका की जुन्या शास्त्रीय नावातच फीटिडा, म्हणजे दुर्गंधी, हा शब्द बसलाय. गावात कुणी ते दारात लावत नाही. पण त्याच्या लाकडाला परदेशात किंमत आहे हे कळल्यावर लोकांनी ते रात्री तोडून पोत्यांतून नेलं, आणि आता दाखवायला नेलं की आधी खुंट दिसतात.

कॅम्प्टोथेसिन तसंच्या तसं माणसाला दिलं तेव्हा मूत्राशयातून रक्त जायला लागलं, १९७०च्या दशकात चाचण्या थांबवाव्या लागल्या. विष चांगलं होतं, पण जाईल तिथं मारत होतं. मग त्याचे जातभाई तयार करत करत गोष्ट अशा औषधापर्यंत आली ज्याला डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटिकॅन. यात एक प्रतिपिंड आहे, ते काही गाठींच्या पेशींवर असणारी हर-टू नावाची खूण ओळखतं. त्याच्या अंगाला कॅम्प्टोथेसिनच्या कुळातल्या विषाच्या सुमारे आठ पुड्या बांधलेल्या असतात. आणि पुडी बांधायचा दोरा? चार अमायनो आम्लांचं पेप्टाइड. रक्तात तो टिकतो. पेशीच्या पोटात गेला की तिथले पाचक रस तो तोडतात आणि पुडी आत सुटते.

मी ते वाचून हसले, एकटीच. तात्यांना रोज टोचायला लावणारा जो पोटाचा हट्ट, की दोरा दिसला की तोडायचा, तोच इथं कामाला लावलाय. इतका वेळ मी पेप्टाइडमध्ये मारणारा शोधत होते. इथं त्याच्याकडं निरोप्याचं काम आहे. मारायचं ते नरक्याच्या नात्यातलं विष मारतं. त्याला पत्ता देणं आणि पत्त्यावर पोचेपर्यंत तोंड बंद ठेवणं, बाकी सगळी मेहनत त्यात गेली. गोकर्णाच्या गाठीकडंही आता काही लोक याच नजरेनं बघतात. तिच्या पेशी फोडणाऱ्या गुणापेक्षा तिच्या चिवटपणात त्यांना रस आहे. त्या कड्यातली पोटात न तुटणारी चौकट घ्यायची आणि मधल्या चार-दोन मण्यांच्या जागी हवे ते मणी ओवायचे. जमेल का? साल सोलल्यापासून बत्तीस वर्षं, हा एक हिशोब माझ्याकडं आहे. तेवढी वर्षं झाली तर मी नव्वदीच्या जवळ असेन.

काकीचे बाराही आठवडे पूर्ण झाले. आता रोज एक गोळी, पाच वर्षं तरी. केस आलेत, पूर्वीपेक्षा कुरळे, आणि म्हशीपैकी एक विकली. गोकर्णाचा वेल कुंपणावर आहे. फुलं सोमवारी महादेवाला जातात.

गेल्या महिन्यात ती तालुक्याची एसटी पकडून एकटी कोल्हापूरला आली. पिशवीत साज. लग्नातला, सासूनं घातलेला. पुतण्याच्या साखरपुड्याला घातला तर एका अंगाला घसरून जात होता, दोन्ही बाजूंनी उचलून धरणारं काही उरलं नव्हतं. हे ती अगदी सरळ आवाजात बोलली, दाराच्या फळीबद्दल बोलावं तसं. आम्ही गुजरीत त्याच पटवेकऱ्याकडं गेलो. म्हातारा माणूस, डोळ्याला भिंग. त्यानं साज हातावर झुलवून बघितला आणि विचारलं, "मोडला का काय?"

"न्हाई. आखूड कराय पायजे. गळ्याबराबर."

त्यानं का ते विचारलं नाही. जुना दोरा कापून पानं एकेक करून लाल कापडावर क्रमानं मांडली. काकी पुढं वाकून मोजत होती, एकवीस भरतात का बघत. नवा रेशमी दोरा आला, पानं चढली, मणी चढले. शेवटी दोन्ही टोकं हातात धरून तो म्हणाला, "गाठ कशी मारू, बाई? सैल का पक्की?"

"पक्की मार," काकी म्हणाली. "पर मागं घे. मानंला लागाय नको."

मग पैशावरून दोघांची अर्धा तास जुंपली.